गढीचा छेद आणि वाड्याचा पाया

डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली नाशिक व जोर्वे येथे केलेल्या उत्खननांचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९५५ मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाभ्यासात त्याचे स्थान पायाभूत आहे, याविषयी दुमत संभवत नाही. गोदाकाठच्या मातीच्या गढीत ताम्रपाषाणकाळापासून मुसलमानी-मराठा काळापर्यंतच्या वसतीचे टप्पे त्यांनी थरांच्या आधारे निश्चित केले. पांडवलेण्यांतील लेखांत ज्या नाशिकचे नाव आढळते, त्याला भूगर्भातील पुरावा लाभला. तथापि आज हा ग्रंथ पुन्हा वाचताना एक उणीव जाणवते. ती ग्रंथकारांची नव्हे, त्यांच्या मागून आलेल्या अभ्यासकांची आहे.

त्या पिढीपुढील मुख्य प्रश्न कालक्रमाचा होता. कोणत्या वसतीनंतर कोणती आली, हे उभा छेद सांगू शकतो. परंतु प्राचीन नगर गढीपलीकडे कोठवर पसरले होते, याचे उत्तर एका टेकाडात मिळणार नाही. ते असलेच तर जुन्या नाशिकातील वाड्यांच्या जोत्यांखाली आहे. नांदत्या घरात चर खणता येत नाही. वाडा उतरवून नव्या इमारतीचा पाया खणला जातो, तेव्हाच ती भूमी काही दिवस उघडी पडते. त्या वेळी जाणता निरीक्षक हजर नसेल, तर पांढरीची माती, खापरे, पेवाच्या कडा, बुजलेला आड हे सारे एकाच ढिगाऱ्यात जाते. उत्खननातही थर नष्ट होतात, पण त्यांची नोंद उरते. येथे नोंदही उरत नाही.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर निषिद्ध आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरविले. असंरक्षित वाड्याला त्याचा उपयोग नाही. १८७८ च्या निखात-निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडल्यास कळविणे बंधनकारक आहे. पण सातवाहनकालीन खापराचे दहा रुपये कोण देईल? आणि मातीच्या थराला तर बाजारभावच नाही.

लंडनमध्ये १९८९ साली एका कार्यालयीन इमारतीच्या जागी रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि मोठा वाद झाला. पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, बांधकामाला परवानगी देण्यापूर्वीच भूगर्भातील अवशेषांचा विचार व्हावा, असे धोरण इंग्लंडने स्वीकारले. प्रश्न आधी विचारला गेला की काम मध्येच अडत नाही, हे त्यातील मर्म होय.

यावर वाडामालकाचा आक्षेप रास्त आहे. भिंती कलल्या आहेत, वारस अनेक आहेत. एखादे नाणे निघाले आणि काम वर्षभर थांबले तर त्याने काय करावे? म्हणूनच देखरेखीची मुदत आधी ठरलेली हवी, आणि तिचा हेतू इमारत अडविणे हा नसून छेद रेखाटणे, छायाचित्रे घेणे, खोली मोजणे व खापरे थरवार वेगळी ठेवणे एवढाच असावा.

पायाचा खड्डा म्हणजे उत्खनन नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. त्याची जागा अभ्यासक निवडत नाही, आणि एका खड्ड्यात काही न मिळाल्याने काहीच सिद्ध होत नाही. परंतु अशा पन्नास खड्ड्यांच्या नोंदी एका नकाशावर मांडल्या, तर गढीच्या छेदाने न दिलेले उत्तर मिळू लागेल. सांकलिया-देवांनी क्रम दिला. विस्तार शोधण्याचे काम आपल्याकडे आहे, आणि त्याची साधने दर पाडकामागणिक कमी होत आहेत.