उदयोन्मुख खेळाडूच्या क्षमतेचे मूल्यमापन : अष्टपैलू कबड्डीपटू आणि शहापूर-मुरबाड परिसर

गोषवारा : तरुण खेळाडूची संभाव्य क्षमता ओळखण्याच्या प्रचलित पद्धती प्रामुख्याने एका दिवसाच्या कामगिरीवर आणि शारीरिक चाचण्यांवर आधारलेल्या आहेत. अष्टपैलू खेळाडूच्या बाबतीत या पद्धती अपुऱ्या ठरतात. ग्रामीण व आदिवासी भागात तर त्या अन्यायकारकही ठरू शकतात. प्रस्तुत लेखात कबड्डीपटू अस्लम इनामदार यांच्या वाटचालीच्या आधारे या पद्धतींची चिकित्सा केली असून ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात पर्यायी रीत सुचविली आहे.

बीजसंज्ञा : क्रीडागुणशोध, अष्टपैलू खेळाडू, सापेक्ष वय, वाढ व परिपक्वता, ग्रामीण कबड्डी.

प्रास्ताविक :

‘या मुलात दम आहे’ हे वाक्य कबड्डीच्या मैदानावर नेहमी ऐकू येते. ते म्हणणारा जाणकार त्या मुलाच्या भवितव्याविषयी एक अंदाज व्यक्त करीत असतो. तो अंदाज कशाच्या आधारे बांधला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. चढाईतील गुण, शरीरयष्टी, चपळता आणि एखाद्या सामन्यातील पराक्रम यांच्या एकत्रित ठशातून मत तयार होते आणि त्यावरून निवड होते. ज्याची निवड होत नाही त्याच्याकडे पुन्हा पाहण्याची सोय आपल्या व्यवस्थेत फारशी नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी वगळला गेलेला मुलगा बहुधा कायमचाच वगळला जातो. म्हणून निवडीच्या निकषांची चिकित्सा क्रीडा विभागापुरती मर्यादित राहू नये. तो शैक्षणिक न्यायाचाही प्रश्न आहे.

अष्टपैलू खेळाडूचे मोजमाप :

निव्वळ चढाईपटू किंवा निव्वळ कोपरारक्षक यांचे मोजमाप तुलनेने सोपे असते. पहिल्याचे चढाईचे गुण मोजावेत, दुसऱ्याच्या यशस्वी पकडी मोजाव्यात. चढाई व बचाव या दोन्ही अंगांनी खेळणाऱ्या खेळाडूचे योगदान मात्र गुणपत्रिकेत पूर्णपणे उतरत नाही. सामन्याच्या अखेरीस संघ दोन गुणांनी पुढे असताना तीस सेकंदांचा वेळ काढून, प्रतिस्पर्ध्याच्या हाती न लागता मध्यरेषा ओलांडून परत येणारा खेळाडू शून्य गुण मिळवितो. पण त्या चढाईवर सामना जिंकला जातो. सलग दोन चढाया रित्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे बंधनकारक असते. ही जोखीम कोण पत्करतो, हेही गुणांच्या बेरजेत दिसत नाही. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना पकड करण्याचा धोका पत्करावा की चढाईपटूला रित्या हाती परत जाऊ देऊन संघ सावरावा, हा निर्णय पापणी लवण्याच्या आत घ्यावा लागतो. तो चुकला तर लोन बसतो. साधला तर अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो.

याचा अर्थ आकडे निरुपयोगी आहेत असा नाही. मोजण्यास सोपे असलेले आकडेच आपण मोजतो आणि जे मोजले जाते तेच महत्त्वाचे समजतो, ही खरी अडचण आहे. खेळाडू किती वेळ मैदानात टिकला, त्याच्या अयशस्वी पकडी किती व त्या कोणत्या प्रसंगी झाल्या, साखळीत त्याने साथीदाराला आधार दिला की नाही, या नोंदी वही-पेन्सिलीनेही ठेवता येतात. त्या ठेवल्या जात नाहीत.

एक दाखला : अस्लम इनामदार :

अहिल्यानगर (तत्कालीन अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभान या गावचे अस्लम इनामदार यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रो कबड्डी लीगच्या आठव्या हंगामात (२०२१-२२) ते पुणेरी पलटण संघाकडून प्रथम खेळले. राहुल चौधरी व नितीन तोमर यांच्यासारखे नामवंत चढाईपटू संघात असताना अस्लम इनामदार व मोहित गोयत या नवोदितांना भरपूर खेळविण्यात आले. त्या हंगामातील सर्वोत्तम नवोदित खेळाडूचा पुरस्कार मोहित गोयत यांना मिळाला. त्या दिवशीच्या निकालावरून भाकीत करायचे झाले असते तर इनामदार यांचे नाव दुसऱ्या क्रमांकावर लिहिले गेले असते.

त्यानंतर दोनच हंगामांत चित्र पालटले. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते होते. दहाव्या हंगामात ते पुणेरी पलटणचे कर्णधार होते. १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून संघाने प्रथमच विजेतेपद मिळविले. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक, म्हणजे २७६ गुण दिल्लीच्या आशू मलिक यांनी मिळविले, तर पकडीचे सर्वाधिक, ९९ गुण पुणेरी पलटणच्याच मोहम्मदरेझा शादलुई यांनी. हंगामातील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा पुरस्कार मात्र या दोहोंपैकी कोणत्याच यादीत अग्रस्थानी नसलेल्या इनामदार यांना मिळाला. चढाई, पकड व नेतृत्व यांचा मेळ हा स्वतंत्र गुण आहे, याची ही एक प्रकारे पावतीच होय.

या दाखल्याचा अर्थ लावताना दोन सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. पहिली अशी की यशस्वी झालेल्या एका खेळाडूवरून नियम सिद्ध होत नाही. तशीच संधी मिळून मागे पडलेले अनेक असतात व त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. दुसरी अशी की विकासाची रेषा सरळ वर जात नाही. अकराव्या हंगामात गुडघ्याच्या दुखापतीमुळे इनामदार यांना हंगाम अर्धवट सोडावा लागला. बाराव्या हंगामात त्यांच्या नेतृत्वाखाली संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दबंग दिल्लीकडून ३१-२८ असा पराभूत झाला. २०२२, २०२४ किंवा २०२५ यांपैकी कोणत्या वर्षी त्यांची ‘क्षमता’ मोजली असता ती खरी ठरली असती? क्षमता ही एका क्षणी स्थिर असणारी राशी नाही. काळानुसार होणाऱ्या बदलाची ती दिशा आहे आणि दिशा कळण्यासाठी किमान दोन निरीक्षणे लागतात.

ऑस्ट्रेलियातील अनुभव :

हाच प्रश्न अन्य देशांतील संघटित खेळांनाही पडला आहे. ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये लंबगोलाकार मैदानावर प्रत्येकी अठरा खेळाडूंचे संघ खेळतात. त्यातील मध्यफळीच्या खेळाडूला आक्रमण व बचाव या दोन्हींत सतत धावावे लागते. कबड्डीतील अष्टपैलू खेळाडूशी त्याचे साम्य आहे. तेथे व्यावसायिक संघ दरवर्षी तरुण खेळाडूंची क्रमवार निवड करतात. त्यापूर्वी धावण्याचा वेग, उडी व दमसास यांच्या काटेकोर चाचण्या होतात. इतकी साधने असूनही सॅम मिचेल हा मध्यफळीचा खेळाडू २००० सालच्या निवडीत वगळला गेला. त्याचा वेग कमी व उंची बेताची मानली गेली होती. २००१ मध्ये हॉथॉर्न संघाने त्याला छत्तिसाव्या क्रमांकावर घेतले. २००८ मध्ये त्याच्याच कर्णधारपदाखाली तो संघ विजेता ठरला. पुढे २०१२ चे सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदकही त्याला ट्रेंट कॉचिन याच्यासह विभागून मिळाले. मूळ विजेत्याचे पदक रद्द झाल्यामुळे ते २०१६ मध्ये प्रदान झाले.

मिचेलचे पाय मंद होते हे चाचणीने अचूक सांगितले. चेंडू कोठे येणार हे तो इतरांच्या आधी ओळखतो, हे चाचणीला विचारलेच गेले नव्हते. महत्त्वाची गोष्ट अशी की एकदा वगळल्यावर वर्षभराने त्याच्याकडे पुन्हा पाहणारी व्यवस्था तेथे अस्तित्वात होती.

वय, वाढ आणि एक जून :

रॉजर बार्न्सली व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॅनडातील आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखांचा अभ्यास करून असे दाखविले की, वयोगटाच्या वर्षारंभी जन्मलेली मुले वरच्या स्तरावर प्रमाणाबाहेर अधिक दिसतात. तेरा वर्षांच्या मुलांत दहा-अकरा महिन्यांचा फरक उंची, वजन व ताकदीत ठळकपणे उमटतो आणि प्रशिक्षक त्यालाच गुणवत्ता समजतो. यालाच सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. आपल्याकडील शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील गट १ जानेवारी या तारखेवर ठरत असल्याने हा परिणाम येथेही संभवतो.

ग्रामीण महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. शाळाप्रवेशाच्या वेळी जन्मदाखला नसल्याने अनेक मुलांची जन्मतारीख ‘१ जून’ अशी लावली गेली. अशा ठिकाणी कागदावरचे वय आणि शरीराचे वय यांचा मेळ बसेलच असे नाही. शहापूर वा मुरबाडच्या एखाद्या पाड्यावरील मुलगा नोंदीत चौदा वर्षांचा, प्रत्यक्षात बारा वर्षांचा असू शकतो. उलटही घडू शकते. उंची, बैठी उंची, वजन व वय यांवरून परिपक्वतेचा अंदाज बांधणारे मिरवाल्ड व सहकाऱ्यांचे २००२ मधील सूत्र प्रसिद्ध आहे. मात्र त्यात वय अचूक असणे गृहीत धरलेले आहे, त्यामुळे येथे ते जपूनच वापरावे लागेल. दर तीन महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण करून वाढीचा वेग काढला, तर जन्मतारखेवाचूनही मुलगा वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे याचा बराच उलगडा होतो. ज्याची झपाट्याची वाढ अद्याप व्हायची आहे, त्याला ‘लहानखुरा’ म्हणून वगळणे ही घाई होय.

राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीची निवड प्रक्रियाही या दृष्टीने तपासावयास हवी. उंची, वजन, ३० मीटर व ८०० मीटर धाव, उभी लांब उडी, मेडिसिन बॉल फेक अशा चाचण्यांच्या मालिकेतून लहान वयातच मुले निवडली जातात. दूरच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा हा मार्ग निश्चितच मोलाचा आहे आणि जागा मर्यादित असल्याने कोठेतरी रेषा आखावीच लागते. तथापि या चाचण्यांपैकी बहुतेक चाचण्यांत लवकर वाढलेल्या मुलाला साहजिकच अधिक गुण मिळतात. खेळाची समज त्यांत मोजली जात नाही.

शहापूर-मुरबाडमधील परिस्थिती :

या दोन तालुक्यांत महादेव कोळी, ठाकूर, वारली व कातकरी समाजांची मोठी वस्ती आहे. शहापूरला आसनगाव-कसारा मार्गावरील रेल्वेचा आधार आहे. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याण गाठावे लागते. शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांतील मुलांसाठी प्रकल्प व विभाग स्तरावर क्रीडास्पर्धा होतात आणि त्यांतून खेळाडू पुढे येतात. पुढची वाट मात्र ठिकठिकाणी तुटते.

पहिला खंड स्थलांतराचा. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. गावोगावच्या कबड्डी स्पर्धांचा हंगामही नेमका याच काळात असतो. ज्या महिन्यांत खेळ बहरायचा, त्या महिन्यांत मूल भट्टीवर असते. दुसरा खंड मैदानाचा. गावात मातीवर, अनवाणी खेळणाऱ्या मुलाची परीक्षा निवडचाचणीत मॅटवर, बूट घालून होते. पायाची पकड, वळण्याची गती व झेप यांची गणिते मॅटवर बदलतात. पहिल्या दिवशीची त्याची अडखळ ही सरावाची उणीव असते, पण तिची नोंद क्षमतेची उणीव म्हणून होते. तिसरा खंड स्पर्धापद्धतीचा. बाद पद्धतीच्या स्पर्धेत दुबळ्या संघातील गुणी खेळाडू एकच सामना खेळून घरी जातो. मुलींच्या बाबतीत शिक्षण सुटणे, लवकर होणारे विवाह व प्रवासाची गैरसोय यांची भर पडते आणि खेळण्याचा कालावधीच आक्रसतो.

मूल्यमापनाची पर्यायी रीत :

या परिस्थितीत खर्चिक उपकरणांपेक्षा सातत्याच्या निरीक्षणाची गरज अधिक आहे. त्यासाठी पुढील गोष्टी शक्य आहेत. (१) प्रत्येक खेळाडूची किमान दोन वर्षांची नोंदवही ठेवावी. तीत उंची-वजनाच्या त्रैमासिक नोंदी, दुखापती, मैदानात टिकलेला वेळ व निर्णायक प्रसंगांतील वर्तन यांची नोंद असावी. मूल शाळा बदलून गेले तर ही वही त्याच्याबरोबर जावी. (२) निवडीत एका सामन्याऐवजी किमान तीन सामने पाहावेत आणि मातीवरील खेळाडूंना मॅटवर सरावाचे काही दिवस दिल्यावरच चाचणी घ्यावी. (३) वगळलेल्या खेळाडूंची स्वतंत्र यादी ठेवून वर्षभराने त्यांची पुन्हा चाचणी घ्यावी. (४) सोळा वर्षांपर्यंत कोणालाही केवळ चढाईपटू वा केवळ बचावपटू असा शिक्का मारू नये; दोन्ही जागी खेळवावे. अष्टपैलुत्व खेळविल्याशिवाय दिसत नाही.

यावर असा आक्षेप घेता येईल की क्रीडाशिक्षकांची पदेच अपुरी आहेत, तेथे नोंदवह्या कोण ठेवणार? आक्षेप वास्तव आहे. परंतु महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी याच आश्रमशाळांतून व गावशाळांतून येतो. महाविद्यालयाचा क्रीडा विभाग, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि परिसरातील शाळा यांच्या सहकार्याने हे काम उभे राहू शकते. संख्याशास्त्र, प्राणिशास्त्र व समाजशास्त्र या विभागांनाही त्यात अभ्यासविषय सापडतील.

समारोप :

इनामदार व मिचेल यांचे देश व खेळ भिन्न आहेत. एकाला पहिल्याच हंगामात भरपूर सामने मिळाले, तर दुसऱ्याला नकारानंतर पुन्हा पाहिले गेले. पहिल्या निकालाला अखेरचा शब्द मानले गेले नाही, एवढे मात्र दोघांच्याही बाबतीत समान आहे. शहापूर-मुरबाडच्या खेळाडूला ही सवलत सहसा मिळत नाही. त्याचा एक सामना, एक चाचणी, नोंदीतील एक तारीख यांवरून निर्णय होतो आणि तो भट्टीवर किंवा शेतावर परततो. त्यांतील किती जण पुढे गेले असते हे सांगणे शक्य नाही, कारण त्यांची नोंदच ठेवली गेलेली नाही. ही नोंद ठेवण्यास महाविद्यालयीन अध्यापकाइतका जवळचा दुसरा साक्षीदार या भागात क्वचितच आढळेल. मूल्यमापनाची सुधारणा तेथूनच सुरू होणे इष्ट आहे.