अशांत काळातील शांत नायक

समाज ढवळून निघतो तेव्हा कादंबरीकाराची दृष्टी साहजिकच ज्वालेकडे वळते. आग लावणाऱ्याच्या कृतीला गती असते. ती लावू न देणाऱ्याच्या पदरी बहुधा नुसता नकार येतो. म्हणूनच शांततेचा पुरस्कर्ता हा केवळ सद्विचारांचा संचय होऊन बसण्याचा धोका असतो. हा धोका कसा टळतो, की टळतच नाही, हे पाहण्यासाठी रवींद्रनाथ ठाकूरांची ‘घरे बाइरे’ (१९१६) आणि बीरेंद्रकुमार भट्टाचार्य यांची असमिया कादंबरी ‘मृत्युंजय’ (१९७०) शेजारी ठेवून वाचणे उपयुक्त ठरेल.

‘घरे बाइरे’ला पार्श्वभूमी आहे ती १९०५ च्या वंगभंगानंतरच्या स्वदेशीची. ग्यॉर्ग लुकाच यांनी १९२२ मध्ये या कादंबरीवर टीका करताना संदीपच्या रूपाने गांधींचे विडंबन केले आहे, असा आरोप केला. हा आरोप कालक्रमावरच टिकत नाही. गांधी भारतात परतले १९१५ मध्ये आणि त्यांची असहकाराची चळवळ सुरू झाली १९२० मध्ये. मात्र निखिलेश ही व्यक्तिरेखा निर्जीव आहे, हा वारंवार घेतला जाणारा आक्षेप इतक्या सहजी झटकता येणार नाही.

त्याला उत्तर असे की, निखिलेशचा नकार हीच त्याची कृती आहे. तो जमीनदार आहे. परदेशी माल बंद करण्याचा हुकूम तो आपल्या प्रजेला देऊ शकतो. तो देत नाही, कारण त्या हुकमाची झळ पंचूसारख्या दरिद्री माणसाला बसणार, हे त्याला दिसते. स्वतः देशी उद्योगांत पैसा घालून तो तोटा सोसतो. पण आपल्या देशभक्तीची किंमत दुसऱ्याकडून वसूल करीत नाही. तथापि पंचू अखेरपर्यंत त्याच्या दयेचा विषयच राहतो, सहकारी होत नाही. त्यामुळे दंगल उसळते तेव्हा निखिलेश निःशस्त्र आणि एकटाच घोड्यावरून निघतो आणि जबर जखमी होऊन परततो. त्याचे सौजन्य खरे आहे; पण त्याच्यामागे माणसे उभी नाहीत. रवींद्रनाथांनी हे अपयश लपविले नाही, यातच त्यांचे कलात्मक प्रामाणिकपण आहे.

‘मृत्युंजय’मध्ये परिस्थिती उलट आहे. तेथे माणसे आहेत, पण मार्ग निसटला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये नेते तुरुंगात गेले आणि मागे उरलेल्या कार्यकर्त्यांनी लष्करी आगगाडी रुळांवरून पाडण्याचा बेत केला. या कार्यात उतरणारे गोसाईं वैष्णव सत्राचे अधिकारी आहेत. अहिंसा हा त्यांचा पक्षादेश नव्हे, धर्मसंस्कार आहे. म्हणून शस्त्र हाती घेणे हे त्यांच्या बाबतीत धोरणातील बदल न राहता आत्म्यावरील घाव ठरते. लेखक त्यांना दोषी ठरवीत नाही, त्यांचा जयजयकारही करीत नाही. पात्रांच्या तोंडची चर्चा काही ठिकाणी लांबते, हे मान्य केले पाहिजे. परंतु मूळ व्यथा तीमुळे झाकली जात नाही.

या व्यथेला इतिहासाचेही वजन आहे. १९४२ मध्ये आसामात सरूपथार येथे लष्करी गाडी घसरविण्यात आली आणि त्या प्रकरणी १५ जून १९४३ रोजी कुशल कोंवर यांना जोरहाटच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. कोंवर हे गांधीमार्गी काँग्रेस कार्यकर्ते होते. हिंसेचे मोल ती न स्वीकारणाऱ्यालाच द्यावे लागले.

दोन्ही कादंबऱ्या मिळून एक गोष्ट सुचवितात. शांततेचा पर्याय हा स्वभावगुण नव्हे. ती आधीपासून बांधून ठेवावी लागणारी सामुदायिक शक्ती आहे. निखिलेशने ती बांधलीच नाही. गोसाईंच्या साथीदारांपाशी ती होती, पण दडपशाहीने तिची दिशाच हिरावून घेतली. तेव्हा अशा साहित्याचे मूल्यमापन करताना नायक किती उदात्त आहे, एवढेच विचारून भागणार नाही. तो कोणाबरोबर उभा आहे आणि त्याच्या निर्णयाची किंमत कोण मोजतो, हा टीकेचा पहिला प्रश्न असला पाहिजे.