सोन्याच्या पोटातली लाख

कोल्हापुरी साज सगळ्यांच्या ओळखीचा आहे. तो आतून पाहिलेली माणसं मात्र थोडी. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्याला कमळाचा, माशाचा, बेलपानाचा आकार द्यायचा, मागची पोकळी वितळलेल्या लाखेनं भरायची आणि पाठ बंद करायची, असं हे काम. मधले जवाच्या आकाराचे मणीही लाखेनंच भरलेले. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक कीड जी राळ सोडते, ती ही लाख. तिच्या आधारामुळेच थोड्या सोन्यात भरदार दागिना उभा राहतो. ती नसेल तर पत्रा पहिल्या दाबालाच चेमटेल.

हातानं घडवलेल्या दागिन्यांबद्दल हल्ली बोलताना ‘नैसर्गिक’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. बी, शिंपला, लाकूड वर दिसलं की दागिना निसर्गाचा झाला, असं समजतात. आमच्या मुलखातल्या जुन्या दागिन्यात निसर्ग असा दर्शनी भागात मांडलेला नव्हता. तो दागिन्याच्या पोटात होता, दोऱ्यात होता, मापात होता. आज या कलेचं जे हरवत चाललंय ते नेमकं हेच आहे. आकार टिकलेत, आतलं ज्ञान जातंय.

मापाचंच बघा. मलकापूर हे शाहूवाडी तालुक्यातलं गाव. इथून पुढं आंबा घाटाकडे निघालं की रान सुरू होतं. अशा रानाच्या कडेला, कुंपणांवर गुंजेचा वेल चढतो. त्याच्या लाल-काळ्या बिया सराफाच्या तराजूत वजन म्हणून बसल्या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे तोळाभर सोन्यामागं रानातल्या शहाण्णव बिया. आकारही शेतातून आणि परसातून आले. बोरमाळ, जोंधळी पोत, साजातलं कारलं. वाघनखाची गोष्ट थोडी वेगळी. पोरांच्या गळ्यात खरं वाघनख सोन्यात मढवून घालायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बंद झालं, आणि झालं ते बरंच झालं. आता साजात उरलंय ते सोन्याचं वाघनख.

परंपरेनं साजाला एकवीस पानं. दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरल्याचं. आज दुकानात बहुधा दहा-बारा पानांचा साज मिळतो. सोन्याचे भाव बघता गिऱ्हाइकाला दोष देता येत नाही. पण कमी झालेल्या पानांबरोबर क्रमही विस्कटला. कुठलं पान कुठल्या पानाशेजारी का, हे विचारलं तर उत्तर देणारे कमी भेटतात. साच्यातून निघालेल्या नकली साजात तर माशाचे खवले आणि कासवाची पाठ एकसारखीच गुळगुळीत. ठशावर ठोकलेल्या रेषेला जी धार असते ती तिथं नाही, आणि ही धार गेली की माझ्या लेखी तो साज राहत नाही, मग तो कितीही पिवळाधमक असो.

हे आज अचानक घडलेलं नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटच्या वरचे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरटचं सोनं कडक असतं, पातळ पत्र्याच्या कामाला ते दाद देत नाही. देशभर असंख्य सोनारांची रोजीरोटी गेली. बंदी पुढं सैल झाली, सुवर्ण नियंत्रण कायदाही १९९० मध्ये रद्द झाला, पण दरम्यान ज्या घरांतली पोरं दुसऱ्या धंद्याला लागली ती भट्टीपाशी परत आली नाहीत. कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, आज बरंच काम बंगाली कारागिरांच्या हातून होतं. त्यांच्या हाताला नावं ठेवायचं कारण नाही, तो हात उत्तमच आहे. प्रश्न इथल्या ठशांचा आहे. ठसे कारागिराच्या घरातले, आणि धंदा बंद झाला की ते भंगारात जायला वेळ लागत नाही.

लाखेला दुसरा फटका गिऱ्हाइकाच्या हिशेबानं दिला. दागिना मोडीत घातला की लाख जळते, वजन उतरतं आणि सोनारानं फसवलं असं वाटतं. म्हणून लोक भरीव मागतात. लाख धरून वजन किती, वजा जाता किती, घडणावळ किती, हे सोनारानं आधीच लिहून दिलं तर हा संशय उरणार नाही. पटवेकऱ्याची अवस्था आणखी नाजूक. ठुशी, पोत रेशमात गाठवणं, मागं गोंडा बांधणं हे त्याचं काम. साखळी आणि हूक आल्यापासून त्याच्याकडे कोण जातं? खरं तर गोंड्याची ठुशी गळ्याच्या मापानं वर-खाली करता येते, ही सोय हुकात नाही.

सोन्याबरोबर चांदीचंही बघू, म्हणजे हुपरीच्या कामाबद्दल थोडक्यात. तिथं घराघरांत पैंजण घडतात, कड्या जोडण्यात बायकांचा हात मोठा आहे, आणि माल देशभर जातो. धंदा म्हणून हुपरी उभी आहे. नवी नक्षी मात्र तिथून क्वचितच येते.

नव्या पिढीचे दागिने, म्हणजे भाजक्या मातीचे, खणाच्या कापडाचे, बियांचे, प्रदर्शनांतून भरपूर दिसतात. मातीच्या कामात मला खरी उमेद दिसते, कारण तिथं हात, माती आणि आच यांचा संबंध प्रत्यक्ष आहे. खणाच्या दागिन्यात बहुतेकदा पुठ्ठ्यावर कापड चिकटवण्यापलीकडे काही नसतं. रेझिनमध्ये फूल गोठवून त्याला नैसर्गिक म्हणणं तर चुकीचंच. ते प्लास्टिक आहे. आणि गुंजांच्या माळा करणाऱ्यांना कळकळीनं सांगणं आहे : बीचं कवच अखंड असतं तोवर ठीक, पण गोवायला भोक पाडलं की आतलं जहाल विष मोकळं होतं. लहान मूल दागिना तोंडात घालतं. जुन्यांनी गुंज तराजूत ठेवली. मुलाबाळांच्या घरात तिचा दागिना नको.

भौगोलिक मानांकनानं प्रश्न सुटेल असं अनेकांना वाटतं. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं तशाच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या. ओरड झाल्यावर मूळ मान्य केलं. नावाला संरक्षण मिळालं तरी हात आपोआप तयार होत नाहीत. त्यापेक्षा घाटाखालचं सावंतवाडीचं उदाहरण मोलाचं. हातानं रंगवलेल्या पत्त्यांची गंजिफा कला संपत आली असताना शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कलावंताकडून ती कला शिकून घेतली आणि राजवाड्यात कारागीर बसवले.

कोल्हापुरात हे आजही करता येईल. नवरात्रापूर्वी अंबाबाईचे दागिने स्वच्छतेसाठी बाहेर काढतात. साज, ठुशी, पुतळ्यांची माळ, सगळं जुन्या हातांचं. त्याच वेळी प्रत्येक पानाची रेखाटनासह नोंद व्हावी. कलानिकेतन आणि दळवीज यांसारख्या कलासंस्थांतली मुलं वर्षातले काही महिने गुजरीतल्या सोनाराशेजारी बसावीत. शाहूवाडीतल्या पोरांनाही तिथं जागा मिळावी, आणि शिकवणाऱ्या कारागिराला त्या महिन्यांचा पगार मिळावा. लाख किती तापवायची, पत्र्याच्या पोटात ती कधी सोडायची आणि कधी थांबायचं, हे ज्यांना येतं ते अजून कामावर आहेत.