वैद्यक परिभाषेतील लॅटिन : उगम की संग्रह?

वैद्यकाची परिभाषा लॅटिन आहे, हे विधान भाषाविषयक लेखनात इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणास भासत नाही. वस्तुतः त्या परिभाषेत शरीरावयवांची नावे बहुतांशी लॅटिन, तर रोगांची बहुतांशी ग्रीक, अशी वाटणी आढळते. मूत्रपिंड हे 'रेन'; त्याचा दाह मात्र 'नेफ्रायटिस'. पहिल्या शतकातील सेल्ससलाही अनेक रोगांची ग्रीक नावे देऊनच लॅटिनमध्ये विवरण करावे लागले.

तेव्हा लॅटिनचे कार्य उगमाहून अधिक संग्रहाचे होय. आणि संग्रहात चुकाही जपल्या जातात. मेंदूवरील बाह्य आवरणाचे 'ड्यूरा मेटर' हे नाव पाहावे. ग्रीकांच्या लेखी ते केवळ एक पटल होते. अरबी वैद्यांनी त्यास 'उम्म', म्हणजे माता, म्हटले. वस्तूंमधील संबंध नात्याच्या शब्दांनी सांगण्याची अरबीची लकबच आहे. त्यात वात्सल्य शोधावयाचे नसते. अली इब्न अल्-अब्बास याचा ग्रंथ अँटिओकच्या स्टीफनने १२व्या शतकात अनुवादिला, तेव्हा ही लकब शब्दशः लॅटिनमध्ये उतरली. 'कठीण' माता 'ड्यूरा' झाली, हे ठीकच. परंतु आतील 'पातळ' माता 'पिया', म्हणजे भाविक किंवा ममताळू, झाली!

१८९५ साली बाझेल येथे सुमारे ५०,००० नावांतून सुमारे ५,००० निवडण्यात आली. त्या छाननीतून, आणि १९५५ व १९९८ च्या सुधारणांतूनही, या दोन्ही माता सुखरूप राहिल्या. शल्यविशारदाचे त्यावाचून काही अडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. लॅटिन आज कोणाचीच मातृभाषा नसल्याने तिचे शब्द केवळ खुणा म्हणून वापरता येतात, आणि हेच तिचे सामर्थ्य.

परिभाषाकारास मात्र ही सवलत नाही. तो अर्थ पाहून शब्द घडवितो, आणि समोर लॅटिन शब्द असला तर त्याच्याच अर्थाचे बोट धरतो. आपल्याकडील संस्कृतनिष्ठ परिभाषेने 'दृढतानिका' व 'मृदुतानिका' असे शब्द योजून 'माता' वगळली, हा विवेक प्रशंसनीय आहे. तथापि 'मृदु' हे विशेषण 'पिया'च्या कोमलतेशीच जुळते. अरबीतील 'पातळ' तेथेही परत आलेला नाही.