निकाहाचे पुस्तक कोणत्या कपाटात?

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मागे एक भाभी आल्या. मुलीचा निकाह ठरला होता. मेहर किती बांधावा, नगद घ्यावा की उधार ठेवावा, निकाहनाम्यात मुलीच्या बाजूने अटी लिहून घेता येतात काय, हे त्यांना आधी वाचून घ्यायचे होते. मराठीतच हवे होते. उर्दू त्यांना येत नव्हते आणि मुलगी तर पहिलीपासून मराठी शाळेत शिकलेली. ग्रंथपालांनी आदराने बसवून विचारले, "भाभी, धार्मिक देऊ की कायद्याचे?" त्या म्हणाल्या, "सर, लग्नाचे द्या."

आम्ही शेजारीच वर्तमानपत्र चाळत होतो. उठलो नि त्यांच्याबरोबर कपाटे पाहू लागलो. 'धार्मिक' कपाटात कुरआनचे मराठी भाषांतर, प्रेषितांची चरित्रे, नमाजची पुस्तके आणि हजयात्रेची माहिती होती. 'कायदा' कपाटात दिनशा मुल्ला यांचा मुस्लिम कायद्यावरचा ग्रंथ होता, पण तो इंग्रजी, शिवाय संदर्भ विभागातला, म्हणजे घरी न्यायला मिळणार नाही. 'समाजशास्त्रा'त वि. का. राजवाडे यांचा 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' होता. थोर ग्रंथ; पण त्याचा आधार वेद आणि महाभारत. 'स्त्रियांसाठी' या फळीवर उखाणे, रुखवत, मंगलाष्टके. एका इमारतीत आम्हाला लग्न चार ठिकाणी भेटले आणि त्यांतल्या एकाही ठिकाणी त्या भाभींचे पुस्तक नव्हते.

यात ग्रंथपालांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पुस्तकाला देह एकच असतो, ते एकाच फळीवर उभे राहू शकते. प्रश्न आहे तो ती फळी कोण ठरवतो, आणि कशावरून.

कॉलेजांच्या ग्रंथालयांत चालते ती दशांश पद्धती मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली काढली. तिच्यात पुस्तक आधी ज्ञानशाखेत जाते, विषय नंतर पाहिला जातो. त्यामुळे विवाह हा समाजशास्त्र म्हणून ३०६.८१ ला, लग्नाच्या चालीरीती म्हणून ३९२.५ ला, कायदा म्हणून ३४६ मध्ये, कौटुंबिक नीती म्हणून १७३ ला, आणि मुसलमानांचा संसार म्हणून थेट २९७.५७७ ला जातो. धर्माच्या २०० ते २९९ या घरात ख्रिस्ती धर्माने २२० पासून २८९ पर्यंतची दालने व्यापली आहेत. उरलेल्या साऱ्या धर्मांची दाटी २९० च्या खोलीत. इस्लामला २९७ हा एक आकडा मिळाला. त्याचा सविस्तर विस्तार झाला तो १९९६ च्या एकविसाव्या आवृत्तीत. एकच विषय असा अनेक शाखांत पांगला, की ग्रंथालयशास्त्रात त्या जागांना 'विखुरलेले नातेवाईक' म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. ड्यूईने या नातेवाइकांची गाठ घालून देणारी निर्देशसूचीही दिली होती, पण ती ग्रंथपालाच्या टेबलावर असते. वाचकाला दिसते ती फळीच.

आता आमच्या घरात डोकावू. लग्न कुठे ठेवायचे हा वाद आमच्या फुकहांनीही घातलेला आहे. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींचा 'हिदाया' हा हनफी मजहबचा मान्य ग्रंथ उघडा. तहारत, नमाज, जकात, रोजा, हज ही प्रकरणे झाली की लागलीच निकाह येतो. खरेदी-विक्री बरीच पुढे. तेराव्या शतकातल्या इमाम नववींचा 'मिन्हाज' हा शाफईंचा ग्रंथ. त्यात इबादतीनंतर खरेदी-विक्री येते, मग वारसा, मृत्युपत्र, आणि त्यानंतर निकाह. एकाने लग्नाला नमाज-रोजाच्या शेजारी बसवले, दुसऱ्याने व्यवहाराच्या पलीकडे. हा नुसता पानांचा क्रम नव्हे. निकाह करणे श्रेष्ठ की एकट्याने नफिल इबादतीत आयुष्य घालवणे श्रेष्ठ, या प्रश्नावर दोन्ही मजहबांची उत्तरे वेगळी आहेत, आणि त्या मतभेदाची सावली अनुक्रमणिकेवर पडलेली आहे. महाराष्ट्रातले दख्खनी मुसलमान बहुतांशी हनफी, कोकणी मुसलमान शाफई. म्हणजे या प्रश्नाची दोन उत्तरे आमच्याच राज्यात, घाटाच्या वर आणि खाली, नांदत आली आहेत.

मग निकाह कायद्याच्या कपाटात शिरला कसा? १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टन याने 'हिदाया'चे इंग्रजी भाषांतर लंडनला छापले. कंपनी सरकारच्या न्यायालयांना मुसलमानांचे तंटे सोडवायला ग्रंथ हवा होता. तहारत, नमाज, रोजा, हज ही प्रकरणे न्यायाधीशाच्या कामाची नव्हती, म्हणून ती गाळली गेली. पहिले प्रकरण जकातीचे उरले, दुसरे निकाहाचे. मूळ ग्रंथात नमाजच्या मोहल्ल्यात राहणारा निकाह भाषांतरात कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला. पुढे मुल्लांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपला ग्रंथ रचला, त्यात वारसा आधी आणि विवाह कितीतरी प्रकरणे नंतर. वकिलाला जे लागते ते वर, हे रास्तच. पण त्या भाभी वकील नव्हत्या.

त्यात आमच्या काळाने आणखी एक फळी वाढवली. १९८५ चा शाहबानो निकाल, १९८६ चा कायदा, २०१७ चा तिहेरी तलाकवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९ चा कायदा, यांनी मुसलमानाच्या लग्नाला 'राजकारण' नि 'चालू घडामोडी'त नेऊन बसवले. २००२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सांगितले होते, की तलाक दिला असे नुसते म्हणून भागत नाही, समेटाचा प्रयत्न झाला होता हेही सिद्ध करावे लागते. हा निकाल आमच्याच मराठवाड्यातल्या एका जोडप्याचा. पण त्याची माहिती वाचनालयात शोधायची तर कुठे? स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या गाईडांत? हिंदूचे लग्न समाजशास्त्रात, साहित्यात, गृहशास्त्रात. मुसलमानाचे लग्न एक तर धर्मात नाही तर खटल्यात. मोडल्याशिवाय ते कोणाला दिसतच नाही.

आणि आम्ही लिहिणारे तरी काय करतो? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आमच्या कथांत, कवितांत, लेखांत तलाक पुष्कळ आला. यायलाच हवा होता. १९६६ च्या एप्रिलमध्ये हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईच्या विधानभवनावर चालत गेल्या, त्या वाटेने लिहिणे हे आमचे कर्तव्यच होते. पण निकाह, जो लाखो घरांत चालू आहे, चुलीपाशी भांडतो नि ईदला समेट करतो, त्याच्यावर आम्ही किती पाने लिहिली? मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन आम्ही एका लग्नाचेही पुस्तक म्हणून वाचतो. वाचनालयात ते 'चरित्र' कपाटात असते आणि लग्नाचे पुस्तक मागणाऱ्याच्या हातात कोणी ते देत नाही. हळदी-मेंदीला आमच्या बायका दख्खनीत नि कोकणीत गाणी म्हणतात. ती कोणत्याच कपाटात नाहीत, कारण ती लिहून घ्यायला आम्ही बसलो नाही. मौलाना अशरफ अली थानवींचे 'बहिश्ती जेवर' मात्र पिढ्यान्‌पिढ्या नवरीच्या सामानातून सासरी जाते. त्यात निकाहाचे मसले आहेत, दवाउपचार आहेत, साबण करण्याची कृतीसुद्धा आहे. त्याला कोणता आकडा द्याल? त्यातल्या कित्येक मतांशी आमचे जमत नाही, पण नवरीला एका जागी काय काय लागते हे त्या मौलानांनी ओळखले होते. आमच्या सुधारकांनी तिच्या हातात असे एकही जाड पुस्तक दिले नाही.

उपाय फार खर्चाचा नाही. फळी एक असली तरी नोंदी अनेक करता येतात. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, असे रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले. 'विवाह' या एका शब्दाखाली मुल्ला, राजवाडे, मेहरुन्निसाबाई आणि रुखवताचे पुस्तक यांची कार्डे शेजारी शेजारी लागू शकतात. संगणकावर तर हे काम एका दुपारचे आहे.

त्या भाभींसाठी आम्ही चार दुपारी वाचनालयातच बसून मुल्लांच्या ग्रंथातली मेहर आणि अटींची पाने मराठीत उतरवली. ठरलेल्या परिस्थितीत बायकोला स्वतः तलाक घेण्याचा अधिकार निकाहाच्या वेळी लिहून घेता येतो आणि आपली न्यायालये तो मानतात, हे वाचून त्या बराच वेळ गप्प बसल्या. निकाह झाला. मुलीचे शिक्षण पुढे चालू ठेवण्याची अट निकाहनाम्यात आली. अधिकाराच्या अटीवर वरपक्ष अडला. मेहर निम्मा नगद मिळाला. महिनाभराने भाभी ती दोनशे पानी वही परत घेऊन आल्या. "सर, इथेच ठेवा, आणखी कोणाला लागेल," म्हणाल्या. ग्रंथपालांनी दाखल नोंदवहीत भेट म्हणून तिला क्रमांक दिला, वर्गाच्या रकान्यापाशी पेन थांबले, आमच्याकडे पाहिले, आणि 'संकीर्ण' असे लिहिले.