न्हाणीघरावरची दोन पुस्तकं आणि एक नकाशा

मंडळी, विषय जाहीर झाल्यावर आयोजकांपैकी एकाने फोन करून विचारलं, "सर, बाथरूमच ना? छापताना चूक नाही ना झाली?" बाथरूमच. ज्या खोलीत आपण रोज उघड्या अंगाने, ओल्या फरशीवर, चष्मा काढून उभे राहतो, ती खोली तत्त्वज्ञानाने सोडून द्यावी असं मला कधी वाटलं नाही.

निमित्त साधं आहे. आमची इमारत जुनी. पाइप गंजले, खालच्या मजल्यावर ओल उतरली, आणि न्हाणीघर उकरण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. आठ फूट बाय साडेचार फूट एवढी जागा. एका दुकानाने संगणकावर थ्रीडी नकाशा करून पाठवला. काळपट टाइल्स, भिंतीला टांगलेला कमोड, काचेचं पार्टिशन, छतातून पडणारा शॉवर. सुंदर होता, नाही म्हणणार नाही. पण सवयीने मी तो एखादा मजकूर वाचावा तसा वाचला. त्यात बालदी नव्हती. बसायला स्टूल नव्हतं, कपडे अडकवायला खुंटी नव्हती, फरशी पुसायचं फडकं नव्हतं. परीक्षण लिहिताना आपण आधी विचारतो की लेखकाने आपला वाचक कोण धरला आहे. या नकाशाने धरलेला वाचक दारात उभा राहून बघणारा होता. आंघोळ करणारा नव्हे.

मग मी दोन पुस्तकं पुन्हा काढली. जगात न्हाणीघराबद्दल गांभीर्याने लिहिणारे लोक थोडे. त्यांतले हे दोघं एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांचे.

पहिला जुनिचिरो तानिझाकी, जपानी कादंबरीकार. १९३३ साली त्याने सावलीच्या सौंदर्यावर एक दीर्घ निबंध लिहिला; इंग्रजीत तो 'इन प्रेझ ऑफ शॅडोज' या नावाने आहे. आपल्याकडे आर्किटेक्चरची मुलं तो भक्तिभावाने वाचतात. गंमत अशी की या निबंधाची सुरुवातच घर बांधताना होणाऱ्या कटकटींपासून होते. विजेच्या तारा कुठे लपवायच्या, पाण्याचे पाइप कुठून न्यायचे! आणि तिथून तो फार लवकर शौचालयावर येतो. क्योतो-नारामधल्या देवळांची जुनी शौचालयं, मुख्य इमारतीपासून दूर, झाडीत, अंधूक उजेडातली. तिथे बसून पावसाचा आवाज ऐकण्याचं सुख तो असं वर्णन करतो की वाचणाऱ्याला आपल्या पांढऱ्याशुभ्र, ट्यूबलाइटच्या खोलीची लाज वाटावी. स्वतःच्या घरात त्याने टाइल्स टाळून कापराच्या लाकडाची जमीन केली. पण भांडं पांढऱ्या चिनीमातीचंच आलं, आणि ते त्याला खुपत राहिलं.

दुसरा अलेक्झांडर किरा. कॉर्नेल विद्यापीठातला वास्तुशास्त्राचा प्राध्यापक. त्याचं 'द बाथरूम' १९६६ साली आलं, सुधारून १९७६ साली. हा सावलीबिवली काही बोलत नाही. हा मोजतो. माणूस तोंड धुताना किती वाकतो, हात कुठपर्यंत जातात, पाणी कुठे सांडतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की न्हाणीघरातल्या वस्तू आपण शरीराकडे बघून केलेल्याच नाहीत. बेसिन घ्या. तोंड आपण वाहत्या पाण्याने धुतो, पण बेसिनची घडण पाणी साठवणाऱ्या भांड्याची, आणि तेही इतकं खाली की कंबर मोडावी. शॉवरचे नळ अशा जागी की पाणी गरम आहे की गार हे कळायला आधी त्याखाली उभं राहावं लागतं! आणि कमोडबद्दल तर त्याने जे लिहिलं ते वाचून आपल्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या असत्या. उकिडवं बसणंच शरीराला सोयीचं, कमोडची उंची फार झाली.

आता बघा, दोघंही मला पटतात, आणि दोघांच्याही आधाराने मी माझं न्हाणीघर करू शकत नाही. हे असं का होतं, त्यात मला रस आहे.

तानिझाकीचं घेऊ. तो मान्य करतो की टाइल्स साफ ठेवायला सोप्या. पण हे मान्य करून तो पुढे जातो, थांबत नाही. साफ कोण ठेवणार, हा प्रश्न त्याच्या निबंधाच्या मध्यभागी कधी येतच नाही. सावलीला आपण सौंदर्य म्हणतो तेव्हा त्या सावलीत एक माणूसही उभा असतो, हे आपल्या समाजाला तरी विसरता येणार नाही. आपल्या गावांत टोपलीचे संडास होते. घराच्या मागच्या बोळातून कोण येत होतं, काय उचलून नेत होतं, हे घरातल्यांना दिसू नये अशीच त्या बोळाची रचना होती. हाताने मैला उचलण्याला बंदी करणारा कायदा १९९३ साली आला, पुन्हा अधिक कडक असा २०१३ साली. इतका उशीर! तानिझाकीच्याच पिढीतले आपले अप्पासाहेब पटवर्धन, कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे. त्यांनी सफाईचं काम स्वतः केलं आणि त्या अनुभवातून गोपुरी संडास घडवला. मैला अंगावर घेऊन वाहावा लागू नये आणि त्याचं खत व्हावं, ही त्यामागची दृष्टी. तिथे पावसाचा आवाज येत असेलच, कोकण आहे ते. पण अप्पासाहेबांनी आरंभ दुसऱ्या टोकाकडून केला, साफ करणाऱ्याच्या हातापासून.

हा मुद्दा इतिहासापुरता नाही. दुकानाच्या नकाशातल्या त्या काळपट टाइल्स घ्या. बोअरचं किंवा टँकरचं क्षारयुक्त पाणी असेल तर काळ्या टाइलवर आठवड्यात पांढरे डाग उमटतात. मग कामाला येणाऱ्या मावशी ॲसिड घालून, खिडकी बंद असलेल्या खोलीत, गुडघ्यावर बसून घासणार. आमच्या मावशींना मी तो नकाशा दाखवला. त्यांनी काच बघितली आणि एवढंच म्हणाल्या, "काका, ही आतून कशी पुसायची?" इतकं नेमकं परीक्षण मी पुस्तकांवरच्या समीक्षेतही क्वचित वाचलं आहे.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये म्हटलं आहे की घर चांगलं झालं की नाही हे बांधणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला अधिक कळतं. जेवणाची पारख आचाऱ्यापेक्षा पाहुण्याला. युक्तिवाद उत्तम आहे. पण 'राहणारा' म्हणजे कोण, हे त्याला विचारायला हवं होतं. त्याच्या घरात गुलाम होते. न्हाणीघर वापरतो तोही आणि ते घासतो तोही, दोघंही त्या खोलीचे जाणकार, आणि आपण विचारतो फक्त पहिल्याला. कित्येकदा त्यालाही नाही, दुकानदारालाच.

बरं, म्हणून तानिझाकी टाकाऊ का? मुळीच नाही. त्याचा पांढऱ्यावरचा राग मला सत्तरी ओलांडल्यावर नव्याने कळला. पांढरी भिंत, पांढरी जमीन, पांढरा कमोड आणि वर लखलखीत दिवा! नजर अधू झालेल्या माणसाला यात कमोडची कडा कुठे संपते ते दिसत नाही. त्याला सौंदर्य बिघडलेलं दिसतं, आम्हाला कडा दिसत नाही, तक्रार एकच. मात्र उपाय त्याचा नाही घेता येणार. म्हाताऱ्या डोळ्यांना अंधूक उजेड चालत नाही, उलट जास्त उजेड लागतो, फक्त डोळ्यांवर न येणारा. त्या निबंधाच्या इंग्रजी अनुवादाच्या उत्तरलेखात एक किस्सा आहे. तानिझाकीला नवं घर बांधायचं होतं, वास्तुविशारद मोठ्या अभिमानाने म्हणाला की मी तुमचा निबंध वाचला आहे, तुम्हाला काय हवं ते मला नेमकं ठाऊक आहे. त्यावर तानिझाकी म्हणाला, छे, तसल्या घरात मी राहूच शकणार नाही! (हशा) हसा, पण यात ढोंग नाही. निबंध एका हरवणाऱ्या गोष्टीबद्दल आहे. ती हरवल्याचं दुःख खरं, म्हणून तिच्यात राहायलाच हवं असं नाही.

किराची अडचण वेगळी, आणि माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. तो म्हणतो कमोड उंच झाला. शरीरशास्त्र त्याच्या बाजूने असेल, पण गुडघे नसतात. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या मानकात बैठकीची उंची १७ ते १९ इंच धरलेली आहे, कारण तिथून उठता येतं. म्हणजे चाळिशीत जे योग्य, तेच पंचाहत्तरीत अडचणीचं. शरीर ही स्थिर वस्तू नाही. न्हाणीघर मात्र एकदा केलं की वीस वर्षं उकरत नाही आपण. मग माप कोणत्या वयाचं घ्यायचं? माझं उत्तर आहे, घरातल्या सर्वांत वाईट दिवसाचं.

आणि आणखी एक. किरा एकांतावर खूप लिहितो, छान लिहितो. पण त्याच्या आकृत्यांमधलं शरीर मनात धरून विचार केला की आपण एकाच माणसाचं न्हाणीघर आखतो. आपल्या घरांत आंघोळ ही पुष्कळदा दोघांची गोष्ट असते. आई बाळाला पायांवर घेऊन घालते, सून सासूला घालते, नवरा बायकोला. ज्याला दुसऱ्याने आंघोळ घालावी लागते त्याचा एकांत बंद दारात नसतो. घालणाऱ्याला नीट उभं राहता आलं, घाई करावी लागली नाही, अर्धवट साबण राहिला नाही, यात तो असतो. मोरीत कोंबून, वाकून, वैतागून घातलेली आंघोळ दोघांचाही अपमान करते. राष्ट्रीय बांधकाम संहितेत स्नान-शौचालय एकत्र असेल तर किमान २.८ चौरस मीटर, रुंदी १.२ मीटर, असं माप आहे. त्यात एक माणूस मावतो. दुसरा मावतो की नाही हे रचनेवर ठरतं. आमच्या साडेचार फुटांत काचेचं पार्टिशन टाकलं असतं तर नेमकी त्या दुसऱ्या माणसाची जागा गेली असती. काच रद्द केली, पडदा लावतो आहोत. दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. उंबरा काढला, आणि पाणी बाहेर येऊ नये म्हणून फुटाला एक-दोन सूत ढाळ नहाणी ट्रॅपकडे द्यायला सांगितला. (प्लंबिंगच्या दुकानात हा शब्द अजून टिकून आहे, याचा मला फार आनंद होतो.)

वॉटरप्रूफिंगबद्दल बोलत नाही. टाइल बसवण्यापूर्वी एक-दोन दिवस पाणी भरून ठेवून खालच्या शेजाऱ्यांचं छत बघा, एवढं पुरे.

आता प्रश्न आला आहे की हाताला धरायच्या दांड्या नंतर बसवल्या तर चालतील का, आत्तापासून दवाखान्यासारखं दिसायला नको. भावना समजते. नंतर बसवा, पण भिंत आत्ता तयार करा. टॉवेलची दांडी माणसाचा भार पेलत नाही; धरायची दांडी विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीतच रोवावी लागते, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर. पाइप नेताना तेवढा पट्टा मोकळा ठेवा आणि टाइल बसण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढा, शेजारी टेप धरून, म्हणजे पाच वर्षांनी ड्रिल मारणारा गरम पाण्याची लाइन फोडणार नाही. आणि ते फोटो मुलांच्या फोनवर नकोत. छापून घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.