मेंडेलचा वाटाणा आणि शेतातली तूर

शाळेत आनुवंशिकता म्हणजे मेंडेलचा वाटाणा. उंच आणि बुटक्या झाडांचा संकर, पहिली पिढी सगळी उंच, दुसरीत तीनास एक, की प्रकरण संपले. आमची तक्रार या संपण्याबद्दल आहे. नाशिक जिल्ह्यातला विद्यार्थी घरच्या हरभऱ्यात उभा राहतो तेव्हा त्याला हे गणित कुठेच दिसत नाही.

मेंडेलचा १८६६ सालचा निबंधच पाहावा. दुसऱ्या पिढीच्या १०६४ झाडांत ७८७ उंच व २७७ बुटकी होती, हे आपण शिकवतो. पण त्याने आणखी एक नोंद केली आहे. एक फुटी व सहा फुटी वाटाण्यांच्या संकरातून आलेली झाडे सहा ते साडेसात फूट वाढली, म्हणजे उंच पालकालाही मागे टाकून! 'प्रभावी गुण' या शब्दात हे बसत नाही. हा संकरजोम, आणि तो नेमका फळ्यावर येत नाही.

उत्पन्नाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. शेंगांची संख्या, शेंगेतले दाणे, दाण्याचे वजन, पक्वतेचा काळ यांमागे अनेक जनुके असतात, शिवाय जमीन आणि पाऊस. पन्नास झाडांच्या शेंगा मोजून आलेख काढावा. दोन गट पडत नाहीत, मधे फुगवटा येतो.

तरीही मेंडेलची गुणोत्तरे शेतात कशी भारी पडतात ते तुरीत पाहण्यासारखे आहे. १९९१ साली इक्रिसॅटचा 'आयसीपीएच ८' हा संकरित वाण आला. त्यातली मादी ओळ एका अप्रभावी जनुकामुळे नरवंध्य. पण ती राखताना निम्मी झाडे सुफल निघत. फुलोऱ्यात ती ओळखून, मधमाश्यांनी पराग नेण्याआधी, हातांनी उपटावी लागत. बियाणे महागले, वाण पसरला नाही. एकास एक या गुणोत्तराची ही मजुरी! पुढे रानटी नातलगाच्या पेशीद्रव्यातून नरवंध्यत्व आणले गेले. ते केवळ आईकडून येते, त्यामुळे उपटणी टळली. २०१० साली मध्य प्रदेशासाठी प्रसारित झालेला 'आयसीपीएच २६७१' याच वाटेने आला.

हरभरा मात्र स्वपरागी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे 'विजय', 'दिग्विजय' हे सुधारित वाण आहेत, संकरित नव्हेत. भेसळ टाळली तर त्यांचे घरचे बी काही वर्षे पेरता येते. संकरित टोमॅटोचे बी धरले, तर पुढच्या पिढीत झाडे कमीजास्त येतात. दुकानात मात्र दोन्हींना सर्रास 'हायब्रीड'च म्हटले जाते.